चौलच्या वाड्या आणि पाण्याचा हिशेब

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता अक्षी आणि नागाव ओलांडून चौलच्या हद्दीत शिरला की ऐन दुपारीही ऊन एकाएकी मंदावते. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळींच्या वाड्या, कडेला चिऱ्यांचे गडगे, गडग्यांपलीकडे ओल धरलेली काळसर जमीन आणि कोठे तरी पाण्याच्या पंपाची संथ धडधड. मुंबईहून प्रथमच आलेला प्रवासी येथे गाडीची काच खाली करतो आणि वातानुकूलन बंद करतो. या सावलीची किंमत कोणत्याही खातेवहीत लिहिलेली नसते. परंतु चौलमध्ये आज जी काही उलाढाल चालली आहे, ती बहुतांशी या सावलीच्याच बळावर चालली आहे.

याच रस्त्यावर थोडे पुढे गेले की दुसरे दृश्य दिसते. गडग्याच्या जागी पत्र्याचे कुंपण, आतील झाडे तोडून सपाट केलेली जमीन, सिमेंटच्या गोण्या आणि विंधनविहीर खणणारे यंत्र. महिन्या-दोन महिन्यांत तेथे खोल्या उभ्या राहतात आणि दारावर राहण्या-जेवण्याची सोय असल्याचा फलक लागतो. वाडी आणि पत्र्याचे कुंपण यांच्यामध्ये एकच गडगा असतो आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंचे मालक सख्खे चुलतभाऊ असतात.

चौलला व्यापार नवा नाही. टॉलेमीच्या भूगोलात आणि त्याही आधीच्या ग्रीक नाविकांच्या टिपणात या बंदराचे नाव आले आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल् मसूदी येथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन याच किनाऱ्यावर उतरला. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आज रेवदंड्यात पाहावयास मिळतो. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधण्यास प्रारंभ केला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या ताब्यात आला. येथील रेशमी वस्त्रे विणणाऱ्या कारागिरांची कीर्ती एवढी होती की, मुंबई वसविताना इंग्रजांनी त्यांना तेथे येण्याचे आमिष दाखविले. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मुंबईचे बंदर वाढले आणि चौलचा व्यापार तिकडे गेला. मागे उरल्या त्या वाड्या, देवळे आणि तळी.

तळ्यांविषयी गावात एक म्हण सांगतात : चौलला ३६० देवळे आणि ३६० तळी. हा आकडा मोजून काढलेला नाही, वर्षाच्या दिवसांशी जुळविलेला आहे, हे उघड आहे. तरीही या म्हणीत देवळांच्या बरोबरीने तळ्यांची गणती झाली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. याहून जुना पुरावा कान्हेरीच्या लेण्यांत आहे. तेथील ब्राह्मी शिलालेखांत चेमूल, म्हणजे चौल, येथील एका सोनाराने पाण्याचे टाके दान केल्याची नोंद सापडते. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चौलच्या बाजारपेठेत मिळविलेल्या नफ्यातून त्या गृहस्थाने दान देण्यासाठी पाण्याची निवड केली. कोकणात पाऊस मुबलक आणि पाणी दुर्मीळ, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

हे विधान विरोधाभासी वाटेल. पण चौलच्या वाडीचे सारे अर्थशास्त्र त्यातच आहे. समुद्रालगतच्या वाळूमिश्रित जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. खारे पाणी जड, गोडे हलके. त्यामुळे पावसाचे मुरलेले पाणी एखाद्या भिंगासारखे खाऱ्या पाण्याच्या माथ्यावर टिकून राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभ्यासकांनी याचे प्रमाण मांडले. समुद्रसपाटीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उंच असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी तग धरू शकते. व्यापाऱ्याच्या नजरेला यातील उलटी बाजू तत्काळ दिसेल : वरची पातळी १ फूट उतरली, तर खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर चढते. प्रत्यक्ष जमिनीत वाळू, चिरा आणि काळा कातळ यांचे थर असल्यामुळे हे प्रमाण जागोजागी बदलते. तत्त्व मात्र बदलत नाही. उथळ विहिरीतून संथपणे पाणी काढणारा मनुष्य या भिंगाच्या वरच्या कडेवर जगतो, तर खोल विंधनविहीर त्याच्या तळालाच भोक पाडते.

जुन्या वाडीकारांनी गायबेनचे नाव ऐकले नव्हते. परंतु त्यांची सारी व्यवस्था या नियमाला धरून होती. विहीर उथळ आणि रुंद. तिच्यावर रहाट, रहाटाला बैल; बैल थकला की शिंपणे थांबले. पाणी पाटाने आळ्यांत जाई आणि झाडाला लागेल तेवढे घेऊन उरलेले त्याच जमिनीत मुरे. वाडीच्या उताराला तळे असे. पावसाळ्यात ते भरे आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आसपासच्या विहिरींना आतून पाणी पुरवी. पंप आला तेव्हा बैलाचा थकवा गेला आणि त्याबरोबर उपशावरील एक नैसर्गिक मर्यादाही गेली. पंपाचा दोष काढण्याचे कारण नाही. रहाटामागे पहाटेपासून फिरणाऱ्या मुलांना शाळा त्यामुळेच गाठता आली.

जैन कुटुंबांत पाणी गाळून घेण्याची रीत सर्वांस परिचित आहे. तिचा दुसरा भाग मात्र शहरातील नव्या पिढीस बहुधा ठाऊक नसतो. गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत परत सोडावयाचे असतात. दुसऱ्या पाण्यात सोडले तर ते जगत नाहीत. या ‘जिवाणी’च्या रीतीत प्रत्येक पाणवठा स्वतंत्र आहे आणि त्याचे त्याला परत मिळाले पाहिजे, हे गृहीत धरलेले आहे. विहिरीचे पाणी मचूळ झाले की ही रीत पाळण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता वाडीचा हिशेब मांडून पाहू. चौलमधील पुष्कळ वाड्या आता वाटण्या होऊन लहान झाल्या आहेत. म्हणून २० गुंठ्यांची, म्हणजे अर्ध्या एकराची, वाडी उदाहरणादाखल घेऊ. पोफळीची लागवड ९ फूट अंतराने केली, तर गुंठ्याला १३ ते १४ झाडे बसतात आणि २० गुंठ्यांत सुमारे २६८ होतात. चांगल्या झाडापासून वर्षाला २ किलो सुकी सुपारी मिळते असे समजू आणि भाव किलोला ४०० रुपये धरू. एकूण उत्पन्न २ लाख १४ हजार रुपये होते. त्यातून पाडेल्याची मजुरी, वाळवण, सोलणावळ, खत आणि वीज वजा केली की हाती लाखभर रुपये राहतात. मध्ये लावलेली मिरी, जायफळ किंवा विड्याची पाने यांचे थोडे वेगळे.

त्याच जागेत चार खोल्या बांधल्या, प्रत्येक खोलीचे रोजचे भाडे २,५०० रुपये धरले आणि वर्षातून केवळ १०० रात्री त्या भरल्या, तरी १० लाख रुपये जमा होतात. नोकर, धुलाई, वीज, दुरुस्ती, आरक्षण करून देणाऱ्या कंपन्यांचे कमिशन आणि कर्जाचे हप्ते यांत निम्मी रक्कम गेली, तरी ५ लाख उरतात. एका बाजूला १ लाख, दुसऱ्या बाजूला ५ लाख. शेतीचे उत्पन्न करमुक्त आणि खोल्यांचे करपात्र, एवढ्याने ही दरी भरून निघत नाही. ज्याच्या घरी महाविद्यालयात जाणारी दोन मुले आहेत, त्याला वाडी जतन करण्याचा उपदेश करणाऱ्याने हे दोन आकडे आधी डोळ्यांसमोर ठेवावेत.

ही दरी पूर्वीही होती. ३ जून २०२० नंतर ती असह्य झाली. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. पोफळीचे झाड उंच, सडपातळ आणि एकमेकांच्या आधाराने उभे राहणारे. एक पडले की शेजारच्याला घेऊन पडते. चौल, नागाव, रेवदंडा येथपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत आजोबांनी लावलेल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. शासनाने बागायतीसाठी हेक्टरी ५०,००० रुपये मदत जाहीर केली. २० गुंठे म्हणजे एक पंचमांश हेक्टर. तेव्हा आपल्या उदाहरणातील वाडीच्या वाट्याला १०,००० रुपये आले असते. हेक्टरचे माप कोकणातील दाट वाडीला लागू पडत नाही अशी ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली : नारळाला २५० रुपये आणि पोफळीला ५० रुपये. सर्व २६८ झाडे पडली असे धरले, तरी १३,४०० रुपये होतात. पडलेली खोडे कापून वाडीबाहेर काढण्यास एवढा खर्च सहज येतो. नवीन रोप लावल्यापासून पहिली सुपारी मिळेपर्यंत पाच ते सात वर्षे जातात आणि या काळात वाडी काहीच देत नाही, केवळ घेते.

त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली होती. टाळेबंदीमुळे ती लगेच थांबली आणि पावसाळ्यात पुन्हा चालू झाली. महिनोन् महिने घरात कोंडलेल्या मुंबईकरास गाडीसह तासाभरात समुद्र ओलांडता येऊ लागला, नेमक्या त्याच वेळी चौलच्या वाडीकाराकडे उघडी पडलेली जमीन आणि पाच वर्षांची रिकामी वाट होती. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरील पुलांची कामे हाती घेतली गेली. जमिनीचे भाव चढण्यास आणखी कारण लागत नाही.

ही वाढ केवळ उपद्रवकारक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. चौल-नागावच्या कित्येक घरांत आज स्त्रिया स्वतःच्या नावावर व्यवसाय करतात. मोदक, आंबोळी, वालाचे बिरडे यांना पाहुणे मिळाले. मुंबईला खोलीत चार-चार जण राहून नोकरी करणारी मुले गावी परतली. डोंगरावरील दत्ताच्या जत्रेखेरीज ज्या गावात वर्षभर बाहेरचा माणूस फारसा येत नसे, तेथे आता दर शनिवारी वाहनांची रांग लागते. बँकांनाही अशी कर्जे सोयीची वाटतात. वाडीच्या पुनर्लागवडीसाठी मागितलेल्या कर्जाची परतफेड सात वर्षांनी सुरू होणार. खोल्यांसाठी दिलेल्या कर्जाचा हप्ता पुढच्याच हंगामात येतो. तारण म्हणून जमिनीचे मूल्यांकन होते, तिच्यातील विहिरीचे होत नाही. मूल्यांकनाच्या अहवालात पाण्याच्या गोडीला रकाना नसतो आणि ही उणीव कर्ज देणाऱ्यांची आहे, घेणाऱ्यांची नव्हे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविणे आवश्यक आहे. खोल्या पाणी संपवितात आणि वाडी पाणी वाचविते, ही समजूत आकड्यांना टिकत नाही. पोफळीच्या एका झाडाला उन्हाळ्यात ठिबकने दिले तरी दिवसाला सुमारे १६ लिटर पाणी लागते. २६८ झाडांना जवळपास ४,३०० लिटर. उलट इमारतींच्या राष्ट्रीय संहितेत हॉटेलसाठी एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरलेले आहे. चार खोल्यांच्या आठ खाटा रोज भरल्या, तरी १,४४० लिटर होतात. म्हणजे वाडीच तिप्पट पाणी घेते. मग वाडी असताना विहिरी पिढ्यान्‌पिढ्या गोड का राहिल्या?

उत्तर जमाखर्चाच्या जमेच्या बाजूला आहे. या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. २० गुंठ्यांवर पडणाऱ्या पावसाचे पाणी मोजले तर ४० लाख लिटर भरते. वाडी आठ कोरड्या महिन्यांत शिंपणासाठी १० लाख लिटरच्या आसपास घेते. तिच्या उघड्या, पालापाचोळ्याने झाकलेल्या, आळ्यांनी अडविलेल्या जमिनीत पावसाचा मोठा हिस्सा मुरतो. जेवढे काढले त्याहून अधिक ती परत भरते. आता त्याच जागेवर छत, फरशी, वाहनतळ आणि सिमेंटचे अंगण आले, की ते ४० लाख लिटर पन्हाळीतून गटारात आणि गटारातून समुद्रात जाते. त्यातच उताराचे तळे भरून टाकले, विहिरीजवळ शोषखड्डा खणला आणि १०० फुटांखाली विंधनविहीर नेली, तर खर्च कमी असूनही खाते बुडते. पोहण्याचा तलाव ही आणखी एक हौस. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सव्वा मीटरहून थोडा कमी खोल असा लहानसा तलाव एकदा भरण्यास ६०,००० लिटर पाणी लागते. ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला ते २१८ दिवस पुरते. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हा तलाव कशासाठी, हे पाहुण्यांनाच ठाऊक.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष सोयीचा आहे आणि म्हणूनच तो फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. खोल्या बांधूनही विहीर गोड ठेवता येते. छपराचे पाणी विहिरीत किंवा तळ्यात सोडणे, अंगणाला फरशीऐवजी वाळू ठेवणे, चार खोल्यांसाठी तीन-चार गुंठेच वापरून उरलेली वाडी राखणे, मैलापाण्याची टाकी पक्की बांधणे. यांपैकी कशासाठीही फार मोठे भांडवल लागत नाही. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले तेव्हा अशा मिश्र व्यवसायाला चालना मिळेल, ही अपेक्षा होती. परंतु त्यात किमान एक एकर जमिनीची अट आहे. अर्ध्या एकराच्या वाडीकाराला ते दार बंद. घाटावरच्या शेताचे माप घेऊन कोकणासाठी टोपी शिवण्याची ही शासकीय सवय हेक्टरी मदतीत दिसली होती, येथेही दिसते.

चौलच्या पाण्यावर दुसरा ताण दक्षिणेकडून येतो. रेवदंड्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळणारी कुंडलिका नदी पाहताना तिच्यात मुळशीचे पाणी आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. टाटांच्या मुळशी धरणाचे पाणी डोंगरातून भिरा येथील वीजगृहावर पडते आणि तेथून कुंडलिकेत येते. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, मावळ्यांना भाताची खाचरे. सत्याग्रह मोडला, धरण झाले, १९२७ मध्ये भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली. त्यातून मिळालेल्या बारमाही पाण्यामुळे पुढे रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत उभी राहू शकली. मावळात बुडालेल्या खाचरांचे पाणी अशा रीतीने रोह्याच्या कारखान्यांना मिळाले आणि कारखान्यांचे सांडपाणी खाडीला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतील ५३ एकट्या महाराष्ट्रात होते आणि त्या यादीत कुंडलिकेचे नाव आहे.

खाडीच्या पलीकडे साळाव येथे १९९० च्या दशकात लोहप्रकल्प आला. उत्तरेस थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला. त्या जागेला मुंबईतील निसर्गप्रेमींनी हरकत घेतली होती. थळला लागूनच किहीम आहे, जेथे १९३० च्या सुमारास सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा आपला प्रसिद्ध अभ्यास केला. कारखाना झाला, देशाला युरिया मिळाला आणि अलिबागला पगारदार नोकऱ्या मिळाल्या. या देवाणघेवाणीत कोणाचे किती गेले, याचा ताळेबंद कोणीही मांडला नाही.

कुंडलिकेच्या खाडीवर उपजीविका करणाऱ्या कोळी बांधवांचा प्रश्न या मासिकाच्या वाचकांसाठी थोडा अवघड आहे. मासेमारीस अहिंसेच्या आचारात स्थान नाही. परंतु सांडपाण्याने मेलेले मासे किनाऱ्यावर लागतात, तेव्हा होणारी हिंसा कोणत्याही जाळ्यापेक्षा मोठी असते आणि तीमागील रसायनांचा व्यापार करणारे हात शाकाहारी असू शकतात. कोळ्याचे जाळे दिसते, कारखान्याची नळी जमिनीखालून जाते, एवढाच काय तो फरक.

कायदे नाहीत असे नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामास मनाई केली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीसाठी सरकारांना फटकारले. २०११ मध्ये अधिसूचना नव्याने निघाली. २०१९ मध्ये पुन्हा. या शेवटच्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर मनाईचा पट्टा २०० वरून ५० मीटरवर आणला. भूजलासाठी राज्याचा २००९ चा कायदा आहे. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास मनाई करणारा कूळकायदा तर १९४८ चा. तरीही किनाऱ्यावर बंगले उभे राहिलेच. मार्च २०१९ मध्ये किहीमच्या किनाऱ्यावरील, देश सोडून गेलेल्या एका हिरे व्यापाऱ्याचा प्रशस्त बंगला रायगडच्या जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. त्याआधी अवैध बांधकामांविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालली होती. त्या दिवशी दूरचित्रवाणीवर धुळीचा लोट पाहणाऱ्या अनेक व्यापारी कुटुंबांच्या मनात आपल्या स्वतःच्या अलिबागच्या कागदपत्रांविषयी धाकधूक झाली असेल, तर ते नवल नव्हे.

कारण अष्टागरातील जमिनीचा ग्राहक कोण, हा प्रश्न झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या कापड, सराफी, औषधे आणि रसायनांच्या बाजारातील पैसा मांडव्याच्या धक्क्यावरून या वाड्यांत येतो आणि त्या पैशात आपल्या समाजाचाही वाटा आहे. श्रावकाच्या पाचव्या व्रतात परिग्रहाची मर्यादा आखावयाची असते आणि त्या यादीत पहिले नाव क्षेत्र-वास्तूचे, म्हणजे जमीन आणि घराचे, आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची गणना आहे. त्यांत वनकर्म आहे आणि सरःशोष, म्हणजे तळी आटविणे, हेही आहे. बाराव्या शतकातील व्यापाऱ्याला तळे आटविण्याची आवश्यकता का भासत असावी? बहुधा कारण तेच असेल : आटलेल्या तळ्याची जमीन विकता येते, लागवडीखाली आणता येते. पर्युषणात हिरव्या भाज्या वर्ज्य करणारे आणि दिवाळीत वाडीचा सौदा करताना तळे भरून द्यावे अशी अट घालणारे कुटुंब एकच असू शकते. सौदा करणाऱ्याला यात विसंगती दिसत नाही, कारण तळे कराराच्या कागदात ‘खड्डा’ या नावाने नमूद असते.

विकणाऱ्याची बाजूही समजून घ्यावी लागते. सात-बाराच्या उताऱ्यावर पाच-सात नावे असतात. दोघे मुंबईत, एक बहीण पुण्यात, एक भाऊ वाडीत राबणारा. राबणाऱ्याला वाडी हवी असते, बाकीच्यांना वाटा. वाट्याची रक्कम वाडीच्या उत्पन्नातून देणे त्याला शंभर वर्षांतही शक्य नाही. मग एक तर सारी वाडी जाते किंवा अर्धी विकून उरलेल्या अर्धीत खोल्या होतात. ज्या ग्राहकाने अशा वेळी झाडे आणि तळे राखण्याच्या अटीवर जमीन घेतली, वाडीत राबणाऱ्या भावालाच तिची देखभाल सोपविली आणि घर तीन गुंठ्यांत बसविले, त्याने भाव कमी दिला असे होत नाही. अशी घरे चौल-नागावच्या आतल्या आळ्यांत थोडी का होईना, आहेत. रस्त्यावरून ती दिसत नाहीत, झाडांमागे असतात.

‘निसर्ग’ वादळानंतरच्या पावसाळ्यांत ज्यांनी पुन्हा पोफळी लावल्या, त्यांना पहिली काही वर्षे रोपांवर उन्हाची झळ लागू नये म्हणून केळीची सावली धरावी लागली. पोफळीचे रोप उघड्यावर वाढत नाही. त्याला आधी दुसऱ्याची छाया लागते. केळी काढून टाकल्यावर पोफळी उंच होतात, पाचव्या-सहाव्या वर्षी पहिला तुरा धरतो आणि मग त्यांच्या सावलीत मिरीचा वेल चढविता येतो. त्या वाड्यांतील विहिरींवर मे महिन्यात वाडीकार सकाळी पंप सुरू करण्याआधी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन पाहतात. मचूळ लागले तर त्या दिवशी शिंपणे बंद ठेवतात आणि गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याला त्याच्या विंधनविहिरीचे पाणी कसे लागते, ते विचारून येतात.